चिंधाच्या गाडीचा स्लो

धुडकू म्हणजे धुडकं आणि चिंधा म्हणजे चिंधी. खानदेशात ज्या घरी पोरं जगत नाहीत, तिथे पुढच्या पोराला असलं नाव ठेवतात. यमाने यादी वाचताना म्हणावं, हे फडकं कशाला न्यायचं, राहू द्या. शिंदखेड्याकडच्या एकाच गल्लीत एका वर्षात अशी दोन फडकी जन्माला आली. दोघं मिळून नदीत डुंबले, दोघं मिळून शाळा सोडून पळाले आणि मिसरूड फुटायच्या आत दोघं मिळून सुरतेला येऊन लिंबायतच्या एका लूमच्या खात्यात, म्हणजे मागाच्या कारखान्यात, लागले. चिंधाच्या बाबतीत यमाला शेवटी नाव वाचता आलं. धुडकू अजून आहे.

आता पंचावन्न वर्षांचा आहे. खात्याच्या मागच्या भिंतीला पत्रा टेकवून त्याने गॅरेज थाटलंय. गॅरेज म्हणायचं ते आपलं म्हणायला. एक बाकडं, एक गाडी उभी करायचा लाकडी ठोकळा, पान्ह्यांचा डबा आणि भिंतीवर खिळ्याला लटकवलेली जुनी क्लचप्लेटची माळ. भिंतीपलीकडे अठ्ठेचाळीस लूम चालतात. त्यांच्या धक्क्याने डब्यातले पान्हे दिवसभर आपोआप थरथरत असतात, बाकड्यावरचा चहा कपात गोल गोल हलतो. नवीन माणूस दहा मिनिटांत डोकं धरून उठतो. धुडकूला त्याचं काही नाही. का नाही, ते पुढे येईल.

त्याच्याकडे येतात त्या टू-स्ट्रोक गाड्या. पेट्रोलात ऑइल घालून पळवायच्या, निळा धूर सोडणाऱ्या, रस्त्यावरून आता जवळजवळ नाहीशा झालेल्या. पण शौकीन मेले नाहीत. उधन्याहून, नवसारीहून, पार बारडोलीहून लोक येतात, कारण टू-स्ट्रोकचं दुखणं कानाला कळतं आणि कान म्हटला की धुडकूचा. तो लांब दांड्याचा स्क्रूड्रायव्हर घेतो, टोक इंजिनला लावतो, लाकडी मूठ दातांत धरतो आणि डोळे मिटतो. मग डोळे उघडून सांगतो, पिस्टनची पिन ढिली आहे. उघडून बघावं तर पिन ढिली. लोक म्हणतात, धुडकूकाका गाडीची नाडी बघतात.

खरं सांगू का? धुडकू बहिरा आहे.

बावीस वर्षं तो खात्यात जॉबर होता, म्हणजे बिघडलेले लूम दुरुस्त करणारा. ते खटॅक-खटॅक बारा बारा तास कानात घेऊन पस्तिशीला त्याचा डावा कान गेला, चाळिशीला उजवाही सुटला. खात्यात त्याचं कुणाला सोयरसुतक नसतं. तिथे तोंडाचा आवाज कुणीच ऐकत नाही, सगळे ओठ वाचतात. पन्नास फुटांवरून दोन कारीगर एकमेकांची आई-बहीण काढतात आणि मधल्याला पत्ता नसतो. आणखी एक रीत होती. लूमची चाल बिघडली की जॉबर दुसऱ्या जॉबरच्या मनगटावर दोन बोटांनी ती चाल ठोकून दाखवायचा. शब्दात सांगायला वेळ लागतो, मनगटावर लगेच कळतं. धुडकू आणि चिंधा तर घरी जेवतानाही एकमेकांच्या मनगटावर ठोकत बसायचे, बायका कपाळाला हात लावायच्या.

पण खात्यातला बहिरा चालतो, गॅरेजमधला बहिरा कोण चालवून घेईल? म्हणून धुडकूने लपवलं. गिऱ्हाईक समोर आलं की त्याच्या ओठांकडे बघायचं, मान हलवायची, कळलं नाही तरी मान हलवायची. मान हलवणाऱ्या माणसाला जगात कुणी दोनदा विचारत नाही. इंजिनचा आवाज मात्र दातातून हाडात आणि हाडातून आत जे काही शिल्लक होतं तिथवर पोचायचा. त्यावर त्याचं पोट आणि अब्रू, दोन्ही चाललं होतं. त्याची बायको उषाबाई, तिच्यापासून काय लपणार? पण तिनेही तो विषय कधी तोंडातून काढला नव्हता.

एक गोष्ट मात्र तिलाही ठाऊक नव्हती. बहिऱ्या धुडकूच्या डोक्यात अकरा वर्षं एक गाडी चालू होती.

ती चिंधाची गाडी. अकरा वर्षांपूर्वी डिसेंबरात चिंधा भाच्याच्या लग्नाला म्हणून पहाटे गावाकडे निघाला. थंडीने गाडी स्लोवर टिकेना. स्लो म्हणजे मूठ न पिळता गाडी जागेवर उभी राहून चालते ती चाल. मूठ सोडली की फुस्स करून बंद. धुडकूने कार्बोरेटरचा स्क्रू अर्धा फेरा आत घेतला आणि काय सांगावं, अशी चाल लागली की त्याने आयुष्यात तशी दुसरी लावली नसेल. टुक-टुक-टुक-टुक, एक ठोका इकडे नाही की तिकडे नाही. चिंधाने तोंडाला फडकं गुंडाळलं होतं, डोळेच काय ते उघडे. गाडीवर बसून, मूठ धरून तो धुडकूकडे वळून काहीतरी बोलला. फडकं हललं, एवढंच धुडकूला दिसलं. त्याने मान हलवली, हात वर केला. चिंधा गेला. सोनगडच्या पुढच्या एका वळणावर गाडी वळलीच नाही, सरळ गेली. झोप लागली असेल, वेगात असेल, लोक काय वाटेल ते बोलले.

दहाव्याच्या दुपारी धुडकू पत्र्याखाली बसला होता आणि त्याच्या बहिऱ्या कानात गाडी चालू झाली. टुक-टुक-टुक-टुक. तो उठून गल्लीच्या तोंडापर्यंत गेला. गल्लीत एक कुत्रं आणि वाळत घातलेल्या साड्या. आवाज नाक्यावरून यावा तसा येत होता, नाक्यावर गेला तर नाल्याकडून. नाल्याकडे तो गेला नाही. त्याला भीती वाटली.

तेव्हापासून आवाज येतोय. रोज नाही आणि विशिष्ट वेळीही नाही. बहुतेक भर दुपारी, गल्ली रिकामी असताना. डॉक्टर म्हणाले असते की कान गेलेल्या माणसाला असले आवाज येतात, नसा मरताना बोलतात, आणि डॉक्टर खोटं बोलले नसते. पण ते गल्लीतलं कुत्रं? आवाज चालू झाला की ते मान वर करून नाक्याकडे बघायचं. ते कुत्रं मेलं, त्याच्या जागी दुसरं आलं, तेही बघायला लागलं. त्याला काय डॉक्टरांनी शिकवलं होतं?

हळूहळू धुडकूला सवय झाली. सवय कशाची होत नाही? एकीकडे त्याला त्या आवाजाचा अभिमानही वाटे, लाज वाटावी असा अभिमान. काय चाल लावली होती राव आपण! मग फडकं हललेलं आठवायचं. काय बोलला असेल चिंधा? येतो म्हणाला असेल. पोरीकडे बघ म्हणाला असेल. अकरा वर्षं तो एका वाक्याचा अर्थ लावत होता, जे त्याने ऐकलंही नव्हतं आणि वाचलंही नव्हतं.

चिंधाची बायको भागीरथी दोन गल्ल्या सोडून राहते. यंदाच्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, तिने नेहमीसारखी चिंधाच्या नावाने घागर भरली, वर खरबूज ठेवलं, पुरणपोळीचा नैवेद्य दाखवला. धुडकू दर वर्षी पाया पडायला जातो. तो उठताना ती त्याच्यासमोर येऊन म्हणाली, "भाऊ, एक विचारू? हसू नका. कधी कधी दुपारले वाटस, गाडी दारात येईसन उभी राहिनी. बंदच नही करत. मी दार उघडस तं कोणी नही."

 धुडकूला म्हणायचं होतं, मलाही येतो तो आवाज. पण ते म्हणायचं तर मग बाकी सगळंच सांगावं लागलं असतं. "मनना खेळ राहतस, वहिनी," असं म्हणून त्याने चपला घातल्या.

आता सोनाली. भागीरथीची पोरगी, बाप गेला तेव्हा नऊ वर्षांची होती, आता वीस. साड्यांच्या मार्केटात पॅकिंग करते, घरी अहिराणी, बाहेर गुजराती आणि गाडीवर बसली की कुठलीच भाषा नाही. पोरगी मातीत गाड्या उडवते. टेकाडावरून उडी मारायची, चिखलातून वळवायची, असल्या शर्यतींना जाते. भागीरथीने डोकं आपटून घेतलं, उपास धरले, बोलणं सोडलं. पोरगी बापावर गेली होती, ती काय ऐकते! पलसाण्याच्या एका शौकिनाने हौस फिटल्यावर विकलेली टू-स्ट्रोक डर्ट बाईक तिने जमवली. ना दिवा, ना आरसा, उंच बूड, दात असलेले टायर. आखाजी झाल्यावर तिसऱ्या दिवशी ती टेम्पोतून धुडकूकडे आली.

"काका," ती समोर उभं राहून म्हणाली, "वीस वीस किका मारते तेव्हा सुरू होते. झाली तर स्लोवर थांबत नाही. आणि गरम झाली की उलटं, मूठ सोडली तरी खाली येत नाही. रविवारी सचिन गावाला शर्यत आहे. मम्मीने सांगितलंय, धुडकूभाऊने गाडी नीट आहे म्हटलं तरच जायचं."

म्हणजे बघा, त्या बाईने स्वतःची सगळी भीती ह्याच्या कानावर आणून ठेवली होती.

धुडकूने गाडी ठोकळ्यावर चढवली आणि तीन दिवस दुसरं काम हातात घेतलं नाही. टाकीत जुनं पेट्रोल सडून त्याची चिकट राळ झाली होती. ती कार्बोरेटरच्या स्लो जेटमध्ये बसली होती. जेटमधलं भोक सुईच्या अग्राएवढं, त्यातून पेट्रोलच येत नव्हतं तर गाडी सुरू कशी होणार? त्याने पितळी तारेचा एकच केस काढून भोक साफ केलं, हवा मारली, उजेडाला धरून बघितलं. इंजिनच्या तोंडाशी पातळ पट्ट्यांच्या पाकळ्या असतात, त्यातली एक कोपऱ्यात तुटली होती. ती बदलली. प्लग काढून बघितला तर टोक पांढरट, कोरडं. तिथे त्याचा हात थांबला.

चांगल्या प्लगचा रंग हवा चहासारखा. पांढरा म्हणजे इंजिन कुठून तरी चोरून हवा ओढतंय. गरम झालं, की क्रँकचं रबरी सील सैल होतं, तिथून हवा घुसते आणि मग मूठ सोडली तरी गाडी चढतच जाते. हे सील आत असतं, झाकणामागे. बघून कळत नाही. गाडी दहा मिनिटं स्लोवर ठेवायची आणि ऐकायचं, चाल वर सरकते का. सरकली तर इंजिन उघडायचं. दुसरा इलाज नाही.

शनिवारी दुपारी त्याने ते केलं. पहिल्या किकला गाडी सुरू झाली, निळा धूर पत्र्याखाली भरला. त्याने स्क्रूड्रायव्हरची मूठ दातांत धरली, टोक क्रँकच्या झाकणावर टेकवलं, डोळे मिटले. टुक-टुक-टुक-टुक. वा! एक मिनिट, दोन, पाच. ठोका हलत नव्हता. सील धडधाकट आहे, पांढरा प्लग आधीच्या तुंबलेल्या जेटमुळे असेल. किती वेळ गेला देव जाणे, त्या सुंदर चालीत त्याला जवळजवळ गुंगीच आली.

खांद्याला हात लागला. उषाबाई चहा घेऊन उभी होती. तिचे ओठ म्हणाले, "बंद गाडीले काय ऐकी राहिनात?"

धुडकूने गाडीकडे बघितलं. सायलेन्सरमधून धूर नव्हता. पत्र्याखालचा धूरसुद्धा विरून गेला होता. टाकीऐवजी त्याने एका बाटलीतून मोजकंच पेट्रोल जोडलं होतं, ते संपून बाटली कोरडी पडली होती. थरथरत होतं ते इंजिन नव्हे, भिंतीपलीकडच्या लूमने ठोकळा हलत होता. आणि कानात अजून चालूच होतं, टुक-टुक-टुक-टुक, त्याच्या दातांतल्या मुठीतून यावं तसं. गल्लीतलं कुत्रं उठून बसलं होतं. ह्या वेळी ते नाक्याकडे बघत नव्हतं, पत्र्याखाली बघत होतं.

त्याने स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. 

"मी ऐकू का?" उषाबाई म्हणाली. तिने आयुष्यभर लूमपासून लांब, घरी बसून धाग्याची बॉबिन भरली होती, तिचे कान शाबूत होते. "चालू करा, मी आठे बसस. आवाज बदलना की सांगस."

एवढं सोपं होतं हो. बायको बसली असती दहा मिनिटं, पदराने धूर वारत. पण धुडकूला वाटलं, आज बायको ऐकणार, उद्या गल्ली ऐकणार, धुडकूच्या गाड्या त्याची बायको तपासते. पुरुषाच्या डोक्यात अभिमान शिरला की तो लूमच्या खटक्यापेक्षा जास्त बहिरा करतो. "तुले काय कळस त्यातलं?" तो म्हणाला. उषाबाईने कप ठेवला आणि ती गेली. त्याने पुन्हा गाडी चालू केली, पुन्हा मूठ दातांत धरली. पण आता दोन गाड्या चालू होत्या, एक ठोकळ्यावर आणि एक डोक्यात, आणि कुठली कुठली ते त्याला वेगळं करता येईना. संध्याकाळी सोनाली आली. तो म्हणाला, "नीट शे." ती खूश होऊन आईला सांगायला पळाली.

रविवारी तो टेम्पोत बसून सचिनला गेला. घरी बसवेना. एमआयडीसीच्या पलीकडे, म्हणजे तिकडे जीआयडीसी म्हणतात, मोकळ्या जमिनीवर मुरमाचे ढीग टाकून वाट बनवली होती. उन्हाचा वणवा, लाल धूळ, वळणांवर जुने ट्रॅक्टरचे टायर रचलेले. पंधरा-वीस गाड्या ओरडत होत्या म्हणे. धुडकूला धूर दिसत होता.

सोनालीने एका किकला गाडी सुरू केली, त्याच्याकडे बघून हसली, हेल्मेट चढवलं. हनुवटीवरून पुढे आलेलं मोठं जबड्याचं हेल्मेट, आत फक्त डोळे. तिने गाडी दोन-तीन मिनिटं तशीच चालू ठेवली. मान तिरकी करून इंजिनकडे बघितलं. मग धुडकूकडे वळली आणि काहीतरी बोलली.

हेल्मेट हललं, एवढंच त्याला दिसलं.

धुडकूला डिसेंबरची पहाट दिसली, ते फडकं दिसलं, त्यावरचे डोळे दिसले. तेच डोळे होते. त्याने पुढे व्हायला हवं होतं, हेल्मेट काढ म्हणायला हवं होतं. अकरा वर्षं त्याने स्वतःला हेच सांगितलं होतं की परत अशी वेळ आली तर विचारेन. आणि वेळ आली तेव्हा त्याची मान आपोआप हलली. हातही वर गेला. सोनालीने अंगठा दाखवला आणि ती रेषेकडे गेली.

पहिली फेरी नीट झाली. सोनाली तिसऱ्या नंबरवर होती, मग दुसऱ्या. दुसऱ्या फेरीला ती टेकाडावरून उडाली तेव्हा धुडकूच्या कानात चिंधाची गाडी चालू झाली. एवढ्या लोकांत ती कधी आली नव्हती. टुक-टुक-टुक. आणि मग अकरा वर्षांत पहिल्यांदा ती चढू लागली. ठोके जवळ आले, एकमेकांत मिसळले, त्यांची किंकाळी झाली. समोर सोनाली वळणाकडे येत होती. तिने मूठ सोडल्याचं त्याला तिच्या मनगटावरून कळलं. गाडी मंदावली नाही. ती सरळ आली, टायरांच्या ढिगावर चढली आणि उलटली.

कान एकदम शांत झाला. काहीच नाही. लूम नाही, गाडी नाही. धुडकूला ती शांतता असह्य झाली, कारण त्याला वाटलं, झालं, संपली पोरगी.

तो धावला. गाडी आडवी पडली होती आणि मागचं चाक फिरत होतं, फिरतच होतं. हवेच्या डब्याची नळी निखळली होती, सायलेन्सरमधून धूर पिचकाऱ्यांनी येत होता. कुणीतरी बंद करायचं बटण दाबत होता, पुन्हा पुन्हा दाबत होता, गाडी बंद होत नव्हती. लोक कानांवर हात ठेवून मागे सरकले होते. त्यांच्या चेहऱ्यांवरून ती किती ओरडत असेल ते दिसत होतं. धुडकूला ती मुकी होती. तो सरळ गाडीपाशी गेला, खांद्यावरचं फडकं काढून गोळा केलं आणि कार्बोरेटरच्या तोंडावर तळहाताने दाबून धरलं. त्या तोंडाने तळहात आत ओढला, जोरात, एखाद्याने धरून ठेवावा तसा. मग सोडला. चाक थांबलं.

सोनाली मुरमात बसली होती. हेल्मेट काढलेलं, डावा हात छातीशी धरलेला, तोंड पांढरंफटक, पण जिवंत. धुडकू तिच्यासमोर गुडघ्यांवर बसला. आता तिचे ओठ दिसत होते.

"मी विचारलं होतं ना काका," ती म्हणाली. "स्लो आपोआप चढतोय, तशीच चालवू का, असं विचारलं. तुम्ही मान हलवली."

भोवती वीस-पंचवीस माणसं होती. निम्म्यांच्या गाड्या त्याच्या हातून गेल्या होत्या.

"माले ऐकू येत नही, माय," धुडकू म्हणाला. "खूप वर्षं झाली. माले काहीच ऐकू येत नही."

लोकांनी एकमेकांकडे बघितलं असेल. त्याने बघितलं नाही.

सोनालीचं खांद्याजवळचं गळ्याचं हाड मोडलं होतं. दवाखान्यात हात गळ्यात बांधून दिला, सहा आठवडे गाडी नाही म्हणाले. ऊन उतरताना दोघं रिक्षाने लिंबायतकडे निघाले. सोनाली रागावली नव्हती, त्यानेच त्याला जास्त मेल्यासारखं झालं होतं. उधन्याच्या पुलाजवळ तिने त्याच्याकडे पूर्ण वळून, ओठ सावकाश हलवत विचारलं, "अगदीच काही नाही येत?"

"एक येतं," तो म्हणाला. आणि म्हणताना ते चालू झालं. टुक-टुक-टुक-टुक. "एक गाडी येते. अकरा वर्षांपासून. पण तिची चाल काय सांगू तुला, तशी मी परत कधी लावली नाही."

"कशी चाल?"

त्याने तिचा धड हात घेतला आणि मनगटावर दोन बोटांनी ठोकायला लागला. चिंधा गेल्यापासून त्याने कुणाच्या मनगटावर ठोकलं नव्हतं. कानात येत होतं तसंच, स्वतःचं काही न घालता, तो ठोकत राहिला. सोनालीने डोळे मिटले. पूल गेला, रेल्वेचं फाटक गेलं. तिच्या कपाळाला आठी पडली.

"काका, ही चाल नीट नाही," ती डोळे उघडून म्हणाली. "चढतेय. हळूहळू चढतेय, पण चढतेय. सुरुवातीला ठोकत होता त्यापेक्षा आता बघा ना."

धुडकूने आपल्या बोटांकडे बघितलं. बोटं कानातल्या चालीमागे चालली होती. ती खरोखर जलद पडत होती.

"माझ्या गाडीसारखंच आहे हे. सील गेलंय हिचं, गरम झाली की हवा ओढतेय," सोनाली म्हणाली. "वळणावर मूठ सोडली तरी थांबायची नाही ही. कोणाची आहे? दिली नाही ना अजून?"

बोटं थांबली. कानात गाडी चालूच होती आणि आता त्यालाही ऐकू येत होतं, ती कशी चढत होती ते. अकरा वर्षं ती हेच सांगत होती.

"दिली," तो म्हणाला. "पहाट होती. थंडी होती. त्याने तोंडाला फडकं बांधलं होतं. वळून काहीतरी विचारलं त्याने मला आणि मी मान हलवली."

सोनाली त्याच्याकडे बघत राहिली. मग तिने हात काढून घेतला आणि तोंड बाहेर रस्त्याकडे केलं. लूमच्या खात्यांच्या भिंती मागे जात होत्या. तिच्या जबड्याचं हाड हललं. ती काहीतरी बोलत होती, बरंच काही, आणि तिचे ओठ त्याला दिसत नव्हते.

धुडकूची मान हलायला आली. त्याने ती धरून ठेवली.

"इकडे देखीसन बोल, माय," तो म्हणाला. "माले दिसू दे."